मोबाइल फेज निवडताना: आधी शेवटाचा विचार करा

मंडळी, गेल्या काही पोस्ट्स पुस्तकं, पाऊस आणि आमच्या गल्लीतली मांजरं यांच्यावरच झाल्या. आज जरा पोटापाण्याच्या धंद्याबद्दल. हैदराबादला आल्यापासून मी नक्की काय करतो हे माझ्या निम्म्या नातेवाईकांना अजून कळलेलं नाही. मागे एकदा "मोबाइल फेज बदलायचा होता म्हणून उशीर झाला" असं फोनवर सांगितलं, तेव्हा मावशीचा समज झाला की मी नवीन फोन घेतला. तेव्हा ही पोस्ट थोडी तिच्यासाठी आहे आणि थोडी माझ्यासारखंच काम करणाऱ्या ब्लॉगबंधूंसाठी. त्यांच्याशी मला जरा भांडायचंही आहे.

भांडण कशावरून, ते आधीच सांगून टाकतो. सुपरक्रिटिकल फ्लुइड क्रोमॅटोग्राफीत, म्हणजे आमच्या भाषेत एसएफसीत, मोबाइल फेज निवडताना बहुतेक लोक पडद्यावरचे शिखर बघतात आणि थांबतात. दोन शिखरं छान वेगळी झाली, मधे जागा सुटली, की काम झालं. माझं म्हणणं असं की निवड उलटीकडून करायला हवी. शेवटी बाटलीत काय उरणार आहे, ते कोणाच्या हातात जाणार आहे आणि तो त्याचं काय करणार आहे, हे आधी ठरवावं. मग द्रावक निवडावा.

आता मावशीसाठी थोडी पार्श्वभूमी. (जाणकारांनी पुढचे तीन परिच्छेद सोडले तरी चालेल.)

समजा, दोघी बहिणी अलका टॉकीजच्या चौकातून एकाच वेळी निघाल्या आणि लक्ष्मी रोडने सरळ चालत सुटल्या. एकीला साड्यांची आवड आहे, ती प्रत्येक दुकानापुढे थांबते. दुसरीला फक्त घरी पोचायचंय. रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला दोघी एकत्र पोचतील का? नाही. हेच क्रोमॅटोग्राफीचं तत्त्व. दुकानं म्हणजे नळीत, म्हणजे कॉलममध्ये, गच्च भरलेली बारीक पूड. आणि मागून पुढे ढकलत नेणारी गर्दी म्हणजे मोबाइल फेज. गर्दी फार रेटणारी असेल तर साडीवालीलाही थांबता येत नाही आणि दोघी एकत्रच बाहेर पडतात. गर्दी अगदीच ढिली असेल तर साडीवाली संध्याकाळपर्यंत येतच नाही. तेव्हा गर्दी कशी हवी हे ठरवणं हे आमचं अर्धं काम.

एसएफसीत ही गर्दी मुख्यतः कार्बन डायऑक्साइडची असते. सोड्याच्या बाटलीतून फसफसून येतो तोच. हा वायू 31 अंश सेल्सिअसच्या वर तापवला आणि 73.8 बारपेक्षा जास्त दाबाखाली ठेवला, की तो धड वायू राहत नाही आणि धड द्रवही होत नाही. (घरच्या कुकरात शिटीच्या वेळी साधारण 2 बार असतात. त्यावरून अंदाज घ्या.) या अवस्थेत तो द्रवासारखा पदार्थ विरघळवतो, पण वायूसारखा पातळपणे वाहतो. शिवाय दाब बदलला की त्याची घनता झपाट्याने बदलते. 40 अंशांना 80 बारखाली एका लिटरचं वजन भरतं सुमारे 280 ग्रॅम, 100 बारला सुमारे 630 आणि 200 बारला सुमारे 840 ग्रॅम. घनता वाढली की विरघळवण्याची ताकदही वाढते. म्हणजे एका चावीने गर्दीचा जोर कमी-जास्त करता येतो.

आणि हे सगळं कशासाठी? प्रामुख्याने डाव्या-उजव्या रेणूंसाठी. काही रेणू डाव्या आणि उजव्या पायाच्या चपलांसारखे असतात. अणू तेच, जोडणी तीच, पण एक दुसऱ्याची आरशातली प्रतिमा. शरीराला मात्र हा फरक कळतो. एक औषध ठरतो, दुसरा निरुपयोगी किंवा अपायकारक निघू शकतो. अमेरिकेच्या एफडीएने 1992 मध्ये याबद्दलचं धोरण जाहीर केलं. तेव्हापासून नव्या औषधाचे दोन्ही रेणू वेगळे करून तपासण्याला फार महत्त्व आलं. अशा जोड्या फोडण्यात एसएफसीचा हात धरणारं तंत्र क्वचितच असेल. 1985 मध्ये मूरिए आणि त्यांच्या फ्रेंच सहकाऱ्यांनी ते पहिल्यांदा करून दाखवलं.

झाली पार्श्वभूमी. आता मुद्द्याकडे.

गंमत अशी, की कार्बन डायऑक्साइडची निवडच मुळात शेवटाचा विचार करून झालेली आहे. 1962 मध्ये क्लेस्पर, कॉर्विन आणि टर्नर यांनी या तंत्राचा पहिला प्रयोग छापला, तेव्हा त्यांनी पॉर्फिरिन वेगळे करायला वापरले होते फ्रिऑन वर्गातले वायू. प्रयोग यशस्वी झाला. पण पुढे हेच वायू ओझोनच्या थराला भोकं पाडतात हे कळलं, आणि 1987 च्या माँट्रियल करारानंतर त्यांचा विषयच संपला. नायट्रस ऑक्साइडही वापरून झाला. कागदावर तो कार्बन डायऑक्साइडच्या अगदी जवळचा. पण तो ऑक्सिडीकारक आहे, सेंद्रिय पदार्थांबरोबर दाबाखाली ठेवला की स्फोटाची भीती असते. असे अपघात घडले, आणि शास्त्रीय नियतकालिकांतून इशारे द्यावे लागले. अमोनियाचेही प्रयोग झाले. त्याने ध्रुवीय पदार्थ छान हलतात, पण पंपाच्या सीलपासून कॉलममधल्या सिलिकापर्यंत सगळं तो खातो. या सगळ्यांनी रेणू हलवले, काहींनी उत्तम हलवले. तरी टिकला कोण? काम झाल्यावर मुकाट्याने उडून जाणारा कार्बन डायऑक्साइड.

कॉफीचंही तसंच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लुडविग रोझेलियस यांनी कॉफीतलं कॅफिन काढायला बेंझीन वापरलं होतं. कॅफिन निघत होतं, त्याबद्दल तक्रार नव्हती. पण बेंझीन आज कोणी कपात येऊ देईल का? पुढे 1960 च्या दशकात कुर्ट झोसेल यांनी जर्मनीत हेच काम दाबाखालच्या कार्बन डायऑक्साइडने करून दाखवलं. कॅफिन काढण्याइतकंच कपात काय उरतं हेही महत्त्वाचं, हे कॉफीवाल्यांना आमच्या कितीतरी आधी कळलं होतं.

मग आमची गाडी अडते कुठे? कार्बन डायऑक्साइडमध्ये आम्ही जे मिसळतो तिथे.

नुसता कार्बन डायऑक्साइड बऱ्याच औषधी रेणूंना पुरत नाही. 1960 च्या दशकाच्या शेवटी गिडिंग्ज यांच्यासारख्या मोठ्या माणसाच्या गणितातून असं दिसत होतं की दाबाखाली तो आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या आसपासचा द्रावक ठरेल. पुढे रंगद्रव्यं वापरून प्रत्यक्ष मोजलं तेव्हा तो हेक्सेनसारखा, म्हणजे अगदीच अध्रुवीय, निघाला. आणि औषधांचे रेणू तर बहुतेक ध्रुवीय. ते त्यात विरघळायलाच तयार नसतात. म्हणून सोबत 5 ते 40 टक्के अल्कोहोल घालावं लागतं, त्याला आम्ही मॉडिफायर म्हणतो. आता एवढं अल्कोहोल घातल्यावर मिश्रणाचा क्रांतिक बिंदू वर सरकतो आणि 40 अंशांना आपण खरं म्हणजे सुपरक्रिटिकल राहतच नाही. नाव तेवढं उरतं. त्याने बिघडत काही नाही, मिश्रण एकजीव राहिलं म्हणजे झालं. पण मग दाबाच्या चावीचं महत्त्वही कमी होतं. आता गर्दीचा जोर ठरवतं ते मॉडिफायर कोणतं आणि किती, हेच.

आणि इथे सगळीकडे एकच पाठ म्हटला जातो: मिथेनॉल, त्यात 0.1 टक्के डायइथाइलअमाइन. रेणू आम्लधर्मी असेल तर अमाइनच्या जागी ट्रायफ्लुओरोअॅसिटिक आम्ल, ज्याला सगळे टीएफए म्हणतात. सत्यनारायणाच्या शिऱ्यासारखं प्रमाण ठरलेलं. रेणू कोणताही येवो, प्रसाद तोच.

मिथेनॉलच्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ आहे, ते नाकारत नाही. ते पातळ आहे, कार्बन डायऑक्साइडमध्ये सहज मिसळतं, रेणूंना जोरात ढकलतं, 65 अंशांना उकळून निघून जातं. इथेनॉलला 78 अंश लागतात आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलला 82. बहुतेक वेळा पहिल्या फेरीत मिथेनॉलच जिंकतं. पण मिथेनॉल गरीब गाय नाही. ते कार्बन डायऑक्साइडशी संयोग पावून थोडं मिथाइल कार्बोनिक आम्ल तयार करतं, म्हणजे आम्ही काहीही न घालता मिश्रण जरासं आम्लधर्मी झालेलंच असतं. रेणूत अल्डिहाइड असेल तर मिथेनॉल त्याला चिकटू शकतं. एस्टर असेल तर, विशेषतः अमाइनच्या संगतीत, एस्टरचं एक अंग काढून तिथे स्वतः जाऊन बसू शकतं.

हे पुस्तकी वाटत असेल तर एक साधा अनुभव. एका ठिकाणाहून आमच्याकडे एक रेणू आला, सोबत तयार पद्धत जोडलेली. रेणूवर इथाइल एस्टर, आणि पद्धत अर्थातच मिथेनॉल अधिक अमाइन. सोबतचा आलेख देखणा होता. दोन शिखरं, मधे भरपूर अंतर. आलेख काढताना रेणू त्या मिश्रणात काही मिनिटंच असतो, तेव्हा काही होत नाही. पण आम्हाला ग्रॅमच्या हिशेबात माल वेगळा करायचा होता. म्हणजे गोळा केलेलं द्रावण तासन्‌तास पिंपात राहणार, मग गरम करून आटवणार, आणि आटत जाताना सगळं आणखी घट्ट होत जाणार. तेवढ्या वेळात इथाइलच्या जागी थोडं मिथाइल येऊन बसलं असतं, आणि शुद्ध म्हणून पाठवलेल्या मालात एक नवीनच पाहुणा निघाला असता. आम्ही मिथेनॉलऐवजी इथेनॉल घेतलं आणि अमाइन काढून टाकलं. इथेनॉलने इथाइलची जागा घेतली तरी रेणू तोच राहतो! शिखरं थोडी जवळ आली, वेळ साधारण दीडपट लागला. पण जे पाठवलं ते तेच होतं, जे मागितलं होतं.

यात हुशारी कसलीच नाही. रेणूचं चित्र समोर ठेवून पाच मिनिटं विचार करायचा, एवढंच.

टीएफएचा हिशेब तर शाळेतला मुलगाही करेल. समजा, तुमचा रेणू अमाइनवर्गीय आहे, रेणुभार 350. टीएफएचा रेणुभार 114. द्रावण आटवलं की टीएफए उडून जात नाही, ते अमाइनला धरून क्षार बनवून बसतं. एकाला एक धरलं तर त्या क्षाराचा रेणुभार झाला 464. आता बाटलीत 100 मिलिग्रॅम पांढरी पूड दिसते. त्यात तुमचा रेणू किती? 75 मिलिग्रॅम. बाकीचे 25 टीएफएचे. बाटली जाते जीवशास्त्रज्ञाकडे. चिठ्ठीवर क्षाराचा उल्लेख नसेल तर तो बिचारा 100 समजून मात्रा काढतो आणि पेशींना किंवा उंदरांना प्रत्यक्षात पाऊणच मिळते. वर टीएफएचा स्वतःचा परिणाम होत असेल तो वेगळाच. मग दोन चपलांपैकी डावी चांगली की उजवी, हा निर्णय चुकीच्या वजनावर होतो. एखादा चांगला रेणू बाद होतो, किंवा सामान्य रेणू पुढे सरकतो. आलेख मात्र शेवटपर्यंत सुंदरच असतो.

म्हणून मला वाटतं की माल गोळा करायचा असेल तेव्हा आधी काहीही न घालता बघावं. शिखर पसरत असेल तर अमाइनवर्गीय रेणूंसाठी मिथेनॉलमध्ये थोडा अमोनिया घालून बघावा. आटवताना तो निघून जातो, मागे काही ठेवत नाही. फार ध्रुवीय रेणूंना कधीकधी अल्कोहोलमध्ये थोडंसं पाणीसुद्धा पुरतं. एरवी पाणी आणि कार्बन डायऑक्साइड यांचं फारसं जमत नाही, पण अल्कोहोल मध्यस्थी करतं. डायइथाइलअमाइन सगळ्यात शेवटी. ते स्वतः 55 अंशांना उकळतं म्हणून लोक निर्धास्त असतात. पण समोरचा रेणू आम्लधर्मी असेल तर तेही क्षार बनवून ठाण मांडतं. शिवाय अशी अमाइन्स कार्बन डायऑक्साइडशीच संयोग पावून कार्बामेट बनवतात, तेव्हा आपण जे घातलं तेच कॉलममध्ये पोचतंय असंही नाही.

आता माझ्यावर येणारे आक्षेप. ते मला तोंडपाठ आहेत.

पहिला आक्षेप: "एवढा विचार करायला वेळ कुणाकडे आहे? चार-पाच कॉलम, दोन-तीन मॉडिफायर, रात्रभर यंत्र लावून द्यायचं, सकाळी उत्तर तयार." अगदी बरोबर. नुसती शुद्धता तपासायची असेल तर मीही हेच करतो, आणि त्यात काही वाईट नाही. यंत्राला झोप लागत नाही. शिवाय मॉडिफायर बदलला की कधीकधी दोन्ही रेणूंचा बाहेर पडण्याचा क्रमच उलटा होतो, ते डोक्याने आधी ओळखता येत नाही, करूनच बघावं लागतं. माझी हरकत रात्रीच्या चाळणीला नाही, सकाळी आलेल्या सगळ्यात देखण्या आलेखावर डोळे मिटून सही करण्याला आहे. दुसऱ्या क्रमांकाचा आलेख इथेनॉलचा असेल, अमाइनशिवाय असेल आणि शिखरं पुरेशी वेगळी असतील, तर पहिला नंबर त्याचा.

दुसरा आक्षेप पैशाचा आणि कागदपत्रांचा. मिथेनॉल स्वस्त. शुद्ध इथेनॉल म्हटलं की आपल्याकडे अबकारी खातं, परवाने, नोंदवह्या, आणि कुलूपबंद कपाट. उसाच्या मळीपासून इथेनॉल काढणाऱ्या देशात प्रयोगशाळेला ते मिळवताना घाम फुटतो, ही गंमत आहे खरी. यावर माझ्याकडे सोपं उत्तर नाही. पण एक विचारतो. एका चुकीच्या बाटलीमुळे जीवशास्त्राच्या प्रयोगाचे दोन महिने वाया गेले तर त्याची किंमत कोणत्या खात्यात लिहायची? द्रावकाच्या खर्चाची ओळ ताळेबंदात दिसते, ही ओळ दिसत नाही.

तिसरा आक्षेप जरा शहाजोग आहे. "एसएफसी हरित आहे, मग कशाला कुरकुर?" हिशेब बघू. मिनिटाला 100 मिलिलिटर प्रवाह आणि त्यात 30 टक्के मिथेनॉल धरलं, तर तासाला 1.8 लिटर आणि आठ तासांत 14.4 लिटर मिथेनॉल. जुन्या पद्धतीने त्याच वेगाने हेक्सेनचं मिश्रण चालवलं असतं तर आठ तासांत 48 लिटर सेंद्रिय द्रावक लागला असता. म्हणजे बचत खरी आहे आणि मोठी आहे. कार्बन डायऑक्साइडही आपण नव्याने जाळून तयार करत नाही, तो बहुतेक दुसऱ्या कारखान्यांच्या धुराड्यातून पकडून आणलेला असतो. पण 14 लिटर मिथेनॉल म्हणजे शून्य नव्हे. 2015 च्या जूनमध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभराहून अधिक माणसं गेली, ते हेच मिथेनॉल. औषधात उरलेल्या द्रावकाच्या आंतरराष्ट्रीय मर्यादेतही मिथेनॉलला 3000 पीपीएमची सीमा आहे. इथेनॉल मात्र कमी धोक्याच्या तिसऱ्या वर्गात येतं. आमच्याकडे पिंपं उचलणारा, आटवण्याच्या यंत्राशी दिवसभर उभा राहणारा पोरगा आलेखावर कुठेच नसतो. हरित या शब्दाच्या हिशेबात त्याला धरायचं की नाही?

तर थोडक्यात, माझा क्रम असा. आधी विचारायचं, हा माल कोणाला आणि कशासाठी हवाय. मग रेणूचं चित्र बघून ठरवायचं, कोणतं अल्कोहोल याला हात लावणार नाही. मग तो त्यात नीट विरघळतो का ते बघायचं, नाहीतर कार्बन डायऑक्साइडच्या प्रवाहात शिरल्याबरोबर त्याचा साका होऊन नळी तुंबते. मग, घातलेलं सगळं शेवटी निघून जाईल का? आणि हे सगळं जमल्यावर, शिखरं किती वेगळी आहेत. बरेच जण हीच यादी खालून वर वाचतात.

माझ्या हाताखाली नवीन आलेली मुलं पद्धत घेऊन येतात तेव्हा मी आलेख उलटा टेबलावर ठेवायला सांगतो आणि विचारतो, "बाटलीत काय असेल?" सुरुवातीला वैतागतात. दोन-तीन महिन्यांनी आपणहून आधी ते सांगायला लागतात.

असो. फार शास्त्र झालं. ब्लॉगबंधूंपैकी कोणी याच धंद्यातले असतील आणि डायइथाइलअमाइनची बाजू लढवायची असेल, तर जरूर लिहा, मी वाट बघतोय. मावशी, तुझ्यासाठी एवढंच, की माझा फोन जुनाच आहे.